तुम्ही विचारलंत म्हणून: लडलोच का?

भारतातून आमच्याकडे येणारे पाहुणे लंडन आणि ऑक्सफर्ड पाहून झाले की ठरलेला प्रश्न विचारतात: जुने इंग्लिश गाव पाहायचे तर कुठे जावे? माझे उत्तरही ठरलेले आहे: श्रॉपशर परगण्यातील लडलो. नाव सांगताच अनेकांना ते ‘लढलो’ असे ऐकू येते, आणि ते अगदीच वावगे नाही, कारण अकराव्या शतकाच्या अखेरीस दे लेसी या नॉर्मन घराण्याने वेल्सच्या सीमेवर नजर ठेवण्यासाठी टीम नदीकाठच्या टेकाडावर किल्ला बांधला आणि त्याच्याच आधाराने हे गाव वसले.

किल्ला आता पडका आहे, तरी मी पाहुण्यांना सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबवतो. चौथ्या एडवर्डचा थोरला मुलगा इथेच वाढला. 1483 च्या एप्रिलमध्ये वडील वारल्याची बातमी आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. राज्याभिषेकासाठी तो लंडनला निघाला, पण अभिषेक झालाच नाही आणि लंडनच्या टॉवरमध्ये धाकट्या भावासह तो नाहीसा झाला. पुढे 1502 मध्ये सातव्या हेन्रीचा पंधरा वर्षांचा वारस आर्थर, लग्नाला सहा महिनेही झाले नसताना, याच किल्ल्यात आजारी पडून वारला. त्याची विधवा कॅथरीन हिच्याशी धाकट्या भावाने, म्हणजे आठव्या हेन्रीने, लग्न केले आणि तेच लग्न मोडण्याच्या हट्टापायी इंग्लंडने रोमच्या पोपशी संबंध तोडला.

वेल्सचा कारभार पाहणारे मंडळ या किल्ल्यातून चालत असे. ते 1689 मध्ये बरखास्त झाले, किल्ला ओस पडला आणि छतावरचे शिसेसुद्धा लोकांनी काढून नेले. 1811 मध्ये तो विकत घेणारा अर्ल ऑफ पोविस म्हणजे प्लासीच्या क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा हाच मद्रासचा गव्हर्नर होता, आणि टिपूचा तंबू आजही वेल्समधील पोविस किल्ल्यात आहे. हे ऐकल्यावर पाहुणे पडक्या भिंतींकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात.

माझ्या मते लडलो टिकले ते त्याचे महत्त्व ओसरल्यामुळे. अठराव्या शतकात आसपासच्या सधन लोकांनी इथे घरे घेतली, हातमोजे शिवण्याचा धंदा चालला. पण एकोणिसाव्या शतकात तो धंदा बसला, मोठे कारखाने आले नाहीत, आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा कोणाच्या हाती उरला नाही. म्हणूनच ब्रॉड स्ट्रीटच्या उतारावर विटांच्या सरळ दर्शनी भिंतींमागे कितीतरी ठिकाणी मध्ययुगीन लाकडी सांगाडा तसाच उभा आहे, आणि रस्त्याच्या खालच्या टोकाला गावाची जुनी वेस आहे. 1619 मधील लाकडी नक्षीच्या ‘फेदर्स’ हॉटेलचे फोटो सगळेच काढतात. मला ते थोडे भपकेबाज वाटते.

सेंट लॉरेन्स चर्चचा मनोरा दुरूनच दिसतो, पण मी आधी दाखवतो ती गायकवृंदाची पंधराव्या शतकातील लाकडी आसने. आसन उचलले की खालच्या बाजूला कोरीव काम दिसते. त्यातल्या एकावर माप मारणाऱ्या बिअरवालीला, तिच्या खोट्या मापासकट, सैतान खांद्यावर टाकून नरकाकडे नेत आहे. आमच्या एका मावशींनी ते पाहून लगेच आपल्या गवळ्याची आठवण काढली.