शेडमधले काम खरे असावे लागते

मेन्स शेड, म्हणजे पुरुषांनी एकत्र येऊन हातकाम करण्याची सामायिक कार्यशाळा, पाहायला येणारे पाहुणे यंत्रे, लाकडाचे ढीग आणि कामात गुंतलेली माणसे पाहून बहुधा एकच निष्कर्ष काढतात, की निवृत्त पुरुषांचा वेळ जावा म्हणून केलेली ही एक चांगली सोय आहे. त्यांचा हेतू कौतुकाचाच असतो. परंतु ऑस्ट्रेलियातील अशा एका शेडचा सभासद म्हणून मला हे वर्णन अपुरे वाटते. नुसता वेळच घालवायचा असेल तर त्यासाठी घर पुरेसे आहे. माणूस शेडमध्ये पुन्हा पुन्हा येतो, कारण कोणाला तरी हवी असलेली एखादी वस्तू त्याच्या वर्कबेंचवर अर्धवट पडलेली असते. ती वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडणार असेल आणि ती नीट झाली की नाही हे तपासणारे कोणी असेल, तरच शेड टिकते, असे माझे ठाम मत झाले आहे.

या कल्पनेचा उगम ऑस्ट्रेलियातलाच. १९९३ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील गुलवा या छोट्या गावात ज्येष्ठ पुरुषांसाठी एक शेड सुरू झाली, आणि उल्लेखनीय गोष्ट अशी की त्यामागे एका स्त्रीचा पुढाकार होता. पुढे १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला येथे ‘मेन्स शेड’ हेच नाव घेऊन एक शेड उघडली आणि त्याच वर्षी सिडनीच्या लेन कोव्ह भागातही एक उभी राहिली. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियन मेन्स शेड असोसिएशन स्थापन झाली, २०१० च्या राष्ट्रीय पुरुष-आरोग्य धोरणाने शेडना सरकारी पाठबळ दिले, आणि आज देशभरात हजाराहून अधिक शेड आहेत. आयर्लंडमध्ये २०११ साली आणि ब्रिटनमध्ये २०१३ साली अशाच राष्ट्रीय संघटना निघाल्या. हा प्रसार इतक्या वेगाने झाला त्याचे एक साधे कारण मला दिसते. इथल्या जुन्या घरांच्या मागे पुरुषाची स्वतःची एक शेड असे. उतारवयात माणूस मोठे घर विकून लहान घरात जातो, तेव्हा ती शेड, तिथली हत्यारे आणि तिथे घडणारे काम हे सारे एकदमच त्याच्या हातून सुटते.

नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी यंत्राला हात लावू देत नाहीत. हजेरीच्या वहीत नाव लिहायचे, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक द्यायचा, प्रथमोपचाराची पेटी आणि सर्व यंत्रे एकदम बंद करणारे बटण कुठे आहे ते पाहून घ्यायचे, आणि मग एकेका यंत्रावर जाणत्या सभासदासमोर आपले काम करून दाखवायचे. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या करवतीवर, लाकूड ढकलताना बोटांऐवजी दांडी वापरायची. पात्यामागची फट मिटू न देणारी पोलादी पट्टी काढायची नाही, कारण फट मिटून पाते लाकडात अडकले की फळी उलट अंगावर भिरकावली जाते. ड्रिल आणि लेथपाशी हातमोजे घालायचे नाहीत, कारण फिरत्या भागात मोज्याचे टोक सापडले की पाठोपाठ हातही आत ओढला जातो. भुश्शाच्या बाबतीत आमच्याकडे विशेष कडक शिस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने लाकडाच्या धुळीची नोंद १९९५ सालीच माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांमध्ये केलेली आहे, त्यामुळे धूळ ओढून घेणारे यंत्र सुरू केल्याशिवाय कोणीही सँडिंगला लागत नाही. चाळीस वर्षे सुतारकाम केलेल्या माणसालाही हे सारे नियम लागू असतात आणि त्याला त्याचा राग येत नाही. उलट इथले काम गंभीरपणे चालते याची त्याला खात्री पटते.

आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी असलेली वस्तू म्हणजे पक्ष्यांसाठी आणि लहान प्राण्यांसाठी झाडावर टांगायची घरटी-पेटी. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाहीत. त्यामुळे निलगिरीच्या झाडात ढोली तयार होते ती वाळवी, बुरशी, वणवे आणि मोडून पडणाऱ्या फांद्या यांच्यामुळेच, आणि त्याला शंभर वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. इथल्या सुमारे तीनशे जातींचे पृष्ठवंशीय प्राणी अशा ढोल्यांचा आसरा घेतात. जुनी झाडे तोडली गेली की नवी झाडे लावूनही ढोली मात्र लगेच मिळत नाही. मधल्या काळासाठी पेटी हवी.

पेटी म्हणजे सहा फळ्यांचा खोका, असे वाटणे साहजिक आहे. पण पेटी कोणासाठी आहे त्यावर तिचे प्रत्येक माप अवलंबून असते. शुगर ग्लायडर नावाच्या, झाडांमधून तरंगत जाणाऱ्या इवल्याशा प्राण्याला साधारण ४५ मिलिमीटर व्यासाचे दार पुरते, तर रोझेला पोपटाला सुमारे ६५ मिलिमीटरचे लागते. भोक गरजेपेक्षा मोठे झाले तर भलताच प्राणी पेटी बळकावतो. आतली बाजू गुळगुळीत ठेवून चालत नाही. दारापासून तळापर्यंत आडव्या खाचा पाडाव्या लागतात, नाहीतर पिल्लांना वर चढून बाहेर पडता येत नाही आणि ती आतच मरतात. तळाला पाणी निथळण्यासाठी छिद्रे, उतरते छप्पर, तपासणीसाठी बिजागरीचे झाकण आणि झाकणाच्या आतून गालिच्याचा तुकडा, कारण त्यावर मधमाश्यांना पोळे धरता येत नाही. दाराखाली बसण्यासाठी दांडी मात्र अजिबात लावायची नाही. ढोलीत राहणाऱ्या स्थानिक पक्ष्यांना तिची गरज नसते. ती सोयीची पडते साळुंकीला. आपल्या अंगणातली ही साळुंकी १८६० च्या दशकात पिकांवरील किडे खाण्यासाठी मेलबर्नला आणली गेली आणि आज ती इथल्या पोपटांच्या ढोल्या बळकावणारा उपद्रवी पक्षी ठरली आहे. ग्लायडरच्या पेटीचे दार मागच्या बाजूला, झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून ठेवण्याचे एक कारणही तेच. साळुंकीविषयी पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला वाईट वाटले होते. आता मी स्वतः नव्या सभासदांना हे समजावून सांगतो.

पेट्या झाडावर चढवल्यावर भूमिसंवर्धनाचे काम करणारे स्वयंसेवक कॅमेरा लावलेली लांब काठी आत घालून त्यांची तपासणी करतात आणि कोणत्या पेटीत काय आढळले ते आम्हाला कळवतात. रिकाम्या राहिलेल्या पेट्यांची यादी आमच्या फळ्यावर आठवडाभर लिहिलेली असते, आणि तिच्यावरून होणारी चर्चा कोणत्याही कार्यालयातील आढावा बैठकीपेक्षा अधिक मनापासून होते.

रुग्णालयातील एका ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या, म्हणजे रुग्णांना रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या, मागणीवरून सुरू झालेले एक काम मला या सर्वांत जवळचे वाटते. पक्षाघातानंतर ज्यांचा एक हात चालत नाही, त्यांच्यासाठी आम्ही भाजी चिरण्याचे पाट तयार करतो. पाटाच्या एका भागात स्टेनलेस स्टीलचे तीन खिळे टोके वर करून बसवलेले असतात; बटाटा किंवा कांदा त्यावर दाबून बसवला की तो हलत नाही आणि एका हाताने सोलता, चिरता येतो. कोपऱ्यावर दोन बाजूंनी उभी पट्टी असते, तिच्यात पावाचा तुकडा टेकवून त्याला लोणी लावता येते. खाली रबराचे पाय, म्हणजे पाट ओट्यावरून सरकत नाही. आमच्यातील एका निवृत्त टूलमेकरने केलेला पहिला नमुना पाहायला फार देखणा होता, पण थेरपिस्टने तो परत पाठवला. पट्टी उंच असल्यामुळे सुरीची मूठ तिला अडत होती आणि लोणी कडेपर्यंत पोहोचत नव्हते. त्या गृहस्थांनी स्वतःचा एक हात पाठीमागे धरून, वेगवेगळ्या उंचीच्या पट्ट्या लावून, जमेपर्यंत पावांना लोणी लावून पाहिले. त्या सकाळी चहाबरोबर लोणीपावाची चंगळ झाली आणि पट्टीची उंचीही निश्चित झाली. जन्मभर यंत्राचे सुटे भाग मिलिमीटरच्या शतांशापर्यंत अचूक घडवणाऱ्या माणसाला आपली अचूकता पुन्हा कोणाला तरी हवी आहे हे समजल्यावर काय वाटले असेल, ते त्यांनी सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवशी शेड उघडण्यापूर्वीच ते दारात उभे होते.

फर्निचरच्या दुरुस्तीचे काम तर सतत चालू असते. डगमगणारी जुनी खुर्ची आली की तिच्यात खिळे ठोकणारा माणूस आमच्याकडे टिकणे कठीण आहे. आधी सांधा उघडायचा. जुन्या खुर्च्या बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेल्या असतात, आणि सरस उष्णतेने व ओलाव्याने मऊ पडतो, त्यामुळे थोडी वाफ आणि थोडा धीर एवढ्यावर सांधा लाकूड न फाटता सुटतो. पांढरा गोंद वापरायचा असेल तर जुना सरस खरवडून लाकूड उघडे करावे लागते. नवा सरस मात्र जुन्याशी एकजीव होतो. जोडलेली खुर्ची क्लॅम्पमध्ये आवळण्यापूर्वी चारही पाय सपाट पृष्ठभागावर टेकतात की नाही आणि बैठकीचे दोन्ही कर्ण सारखे आहेत की नाही हे पाहायचे, कारण गोंद वाळल्यानंतर काहीच सुधारता येत नाही.

इथेच हत्यारांविषयी सांगायला हवे. शेडमधील निम्म्याहून अधिक हत्यारे दिवंगत पुरुषांची आहेत. पतीच्या निधनानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, एखादी बाई गाडीच्या डिकीत पटाश्या, रंधे आणि पान्ह्यांची पेटी घालून येते. घरात त्यांचा उपयोग नसतो आणि टाकवत तर मुळीच नाही. ती पेटी उघडायला आमचे एक ज्येष्ठ सभासद घाई करू देत नाहीत. आधी चहा, मग त्या गृहस्थांचा व्यवसाय कोणता होता याची चौकशी, आणि मग त्या बाईंच्या समोरच एकेक वस्तू बाहेर काढणे. रंध्याच्या मुठीवर धन्याच्या पंजाचा आकार उतरलेला असतो, पटाशीच्या दांड्यावर नावाची आद्याक्षरे कोरलेली असतात. ती आद्याक्षरे घासून काढायची नाहीत, असा आमच्याकडे ठरावच आहे. गंज काढायचा, धार लावायची आणि हत्यार वापरात आणायचे. जी जास्तीची असतील ती विकून शेडच्या विम्याचा आणि विजेचा खर्च भागवायचा.

नाताळपूर्वी खेळण्यांची धांदल असते. लाकडी मालमोटारी, आगगाड्या, बाहुलीचे पाळणे धर्मादाय संस्थांमार्फत मुलांपर्यंत जातात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी तपासणीचा एक छोटा पोकळ दंडगोल आम्ही ठेवला आहे, ज्याचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. खेळण्याचा सुटणारा कोणताही भाग त्यात पूर्ण मावला तर तो मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून ते खेळणे बाद होते. प्रत्येक चाक ओढून पाहण्याचे काम एका माजी मुख्याध्यापकांकडे आहे, आणि त्यांची नजर अजूनही मुख्याध्यापकांचीच आहे.

‘पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात’ हे शेड चळवळीचे ब्रीदवाक्य आहे, आणि ते खरे आहे याचा अनुभव मी सतत घेतो. दोघे जण एका लांब फळीची दोन टोके धरून उभे असतात, दोघांची नजर पात्यावर असते, आणि यंत्र थांबल्यावर त्यातला एक सहज सांगून जातो की बायकोला आता आपले नाव आठवत नाही. समुपदेशकाच्या खोलीत हे वाक्य त्याच्या तोंडून निघाले असते असे मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियात आत्महत्येने मरण पावणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुरुष असतात, हे लक्षात घेतले म्हणजे अशा एका वाक्याचे मोल कळते. चहाच्या सुटीला इथे स्मोको म्हणतात. त्या वेळी सर्व यंत्रे बंद करण्याचा नियम आहे आणि काम कितीही घाईचे असले तरी तो मोडत नाही. कधी त्याच वेळेत परिचारिका येऊन रक्तदाब तपासते, कधी डॉक्टर प्रोस्टेट किंवा मधुमेहाविषयी बोलतात. हेच व्याख्यान एखाद्या सभागृहात ठेवले तर आमच्यातील फारच थोडे जातील. इथे मात्र हातात कप असतो, अंगावर भुस्सा असतो, आणि शेजारच्याने बाही वर केली की आपणही करतो.

कोणते काम घ्यायचे नाही, हा प्रश्न मला या सगळ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. गावातील सुतार ज्यावर पोट भरतो ती कामे, म्हणजे स्वयंपाकघरातील कपाटे किंवा दारे-खिडक्या, आम्ही स्वस्तात करून देत नाही. दान म्हणून आलेले प्रत्येक लाकूडही घेत नाही. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांची प्रक्रिया केलेले हिरवट छटेचे जुने लाकूड बाकांसाठी, भाजीच्या वाफ्यांसाठी किंवा मुलांच्या वस्तूंसाठी वापरायचे नाही, आणि त्याचे तुकडे शेकोटीतही टाकायचे नाहीत. पॅलेटवरचा, म्हणजे माल रचून ठेवायच्या लाकडी तळावरचा, शिक्का पाहायचा: एचटी असेल तर ते केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, म्हणून चालते, एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, म्हणून ते परत पाठवायचे.

अलीकडेच एका बालवाडीने मुलांना चढण्यासाठी लाकडी मनोरा मागितला. आमच्या समितीत त्यावर बराच वाद झाला, कारण मनोरा बांधण्याचे कौशल्य आमच्याकडे निश्चितच आहे. पण उंचावरून पडण्याच्या धोक्यासाठी जे मानक आणि जी तपासणी लागते ती आमच्या आवाक्यातली नाही, म्हणून आम्ही नकार दिला. त्याऐवजी मातीत खेळण्याचे छोटे स्वयंपाकघर करून देण्याचे ठरले आहे: जुन्या स्टीलच्या सिंकभोवती बांधलेला ओटा, फिरणाऱ्या लाकडी कळा आणि भांडी टांगायला आकडे. चार वर्षांच्या मुलाचे कोपर कोणत्या उंचीवर येते हे मोजून आणायला दोन आजोबा गेल्या मंगळवारी बालवाडीत गेले होते. ओट्याची उंची ५० सेंटीमीटर ठेवायची की ५५, यावर त्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही; तोवर आम्ही ओट्याचे पाय कापायचे थांबवले आहे.