यंत्राला न कळलेला हात

टोलनाक्यावर गाड्या मोजण्यात माझी बारा वर्षं गेली. दोन्ही हातांत क्लिकर, उजव्यात ट्रक, डाव्यात कार. नजर चाकांवर, बोटं आपोआप चालतात. त्यामुळे २०१८च्या जानेवारीत तीन महिन्यांसाठी निरीक्षक म्हणून पॅलेस्टाइनमधल्या बेथलेहेमला गेलो, तेव्हा मोजणीची धास्ती नव्हती.

चेकपॉइंट ३०० म्हणजे इस्रायली सैनिकांची चौकी; पलीकडे कामाला जाणारे पॅलेस्टिनी मजूर परवाना घेऊन इथून जायचे, आणि आम्ही ते मोजायचे. इथून जेरुसलेम दहा किलोमीटरच्या आत, पण हेब्रॉनकडचे मजूर रात्री अडीचलाच येऊन बसायचे. काही जण पुठ्ठा टाकून तिथेच आडवे. एका बाजूला काँक्रीटची भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी गज, मध्ये गुरांच्या कोंडवाड्यासारखी चिंचोळी वाट. घाईतले पोरगे गजांवरून चढून पुढे उतरायचे आणि मागून शिव्या खायचे. तिळाच्या पावाची गाडी, चहावाला, सिगारेटचा धूर. रविवारी गर्दी सर्वांत जास्त, कारण तिथला आठवडा रविवारी सुरू होतो.

पद्धत सोपी. फिरत्या फाटकातून आत गेला की एक क्लिक. उजव्या हातात पुरुष, डाव्यात बायका. दर अर्ध्या तासाला आकडा कागदावर. बायका, म्हातारे आणि आजारी यांच्यासाठी वेगळं फाटक होतं, ते कितीला उघडलं तेही लिहायचं. ते उघडायचं की नाही हे त्या दिवशीच्या पोरसवदा सैनिकाच्या मर्जीवर. उघडत नाही म्हणून आम्ही फोन केला की पलीकडून कोणी तरी ‘कळवतो’ म्हणायचं. सरकारी ‘कळवतो’ सगळीकडे सारखंच.

त्या रविवारी सव्वापाचला पन्नाशीचा एक माणूस आत गेला. रोजचा. शटरिंगचा सुतार, येताजाता मला ‘हिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणून हाक मारायचा. क्लिक.

सहा वीसला तोच बाहेर येणाऱ्या वाटेने परत.

त्याने तळवे पुढे केले. सिमेंट आणि फळ्यांना लावायचं तेल यांनी खरवडलेले, रेषा पार गुळगुळीत. आतल्या यंत्राने हात ओळखला नव्हता. आपल्याकडे रेशन दुकानात म्हाताऱ्या मजूरबाईचा अंगठा उमटत नाही, अगदी तसं. परवाना खरा, माणूस खरा, हात तेवढा नापास. पलीकडे उभी मालकाची गाडी सहालाच निघून गेली होती. दिवसाचे अडीचशे शेकेल, म्हणजे इस्रायली चलनातली मजुरी, बुडाले. आणि परवाना दलालाकडून घेतलेला, त्याचे महिन्याला अडीच हजार, काम मिळो न मिळो. म्हणजे दहा दिवस तो फक्त दलालासाठीच फळ्या ठोकत होता.

त्याने माझ्या हातातल्या क्लिकरकडे बोट दाखवलं. ‘यात मी आहे?’

‘आहे.’

‘म्हणजे मी गेलो,’ म्हणाला आणि हसला. चहा पाजून गेला, पैसे देऊ दिले नाहीत.

क्लिकर उलटा फिरत नाही. परत आलेल्यांसाठी आमच्या तक्त्यात रकाना होता, पण तो ज्यांना सैनिकांनी आमच्या डोळ्यांदेखत हाकललं त्यांच्यासाठी. हा तर आतून आला होता, आणि असे आणखी किती आतून परतले असतील, मी पाठमोरा असताना? शेऱ्यात चार ओळी लिहिल्या. आमच्या समन्वयकबाई भल्या होत्या, पण आकड्यांच्या भक्त. ‘एका माणसावरून काही सिद्ध होत नाही,’ म्हणाल्या आणि अहवालात ओळी गाळल्या. बाईंचं चुकलं असं मला अजूनही छातीठोकपणे म्हणता येत नाही. टोलनाक्यावर मीही एक गाडी इकडेतिकडे झाली तर सोडूनच द्यायचो.

पुढच्या वर्षी तिथे नवी स्वयंचलित फाटकं बसली आणि रांगा आटोपशीर झाल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला, युद्ध पेटलं आणि रांगच उरली नाही. परवाने गोठवले, दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी मजुरांचं काम एका फटक्यात बंद. त्या सुताराचा नंबर माझ्याकडे नाही, मी मागितलाच नव्हता.

सप्टेंबर २०२४मध्ये पुतण्याचा फोन आला. इस्रायलला जाणाऱ्या बांधकाम मजुरांची निवड पुण्यात होती, पगार सव्वा लाखाच्या वर. लोखंड वाकवणं, गिलावा, फरशी, शटरिंग.

‘काका, मी शटरिंग टाकलंय. तुम्ही तिकडे होतात ना, कसं असतं?’

‘थंडी फार असते पहाटे,’ म्हटलं, ‘जाड स्वेटर ने.’