दाराचं पितळ चमकवताना घासायचं काम सगळ्यात शेवटी येतं

घरातल्या दारांची हँडलं, कड्या, बिजागऱ्या सगळं पितळी आणि सगळं कळकट झालेलं. पण एकसारखं काळं नव्हतं, हँडलवर जिथे हात पडतो तिथे तपकिरी डाग, कडेला अजून मस्त पिवळं, आणि प्लेटच्या खाचेत हिरवट थर. पितळेला असे ठिगळासारखे डाग दिसले ना की समजायचं त्यावर कारखान्यातूनच लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक वार्निशसारखा थर) मारलेलं आहे आणि ते जागोजागी फुटलंय. फुटलं तिथून हवा आणि घाम आत शिरला, पितळेतलं तांबं काळवंडलं, आणि जिथे लॅकर शाबूत आहे तिथे पॉलिश धातूपर्यंत पोचतच नाही. म्हणून लोक तासन्‌तास घासतात आणि डाग तसेच.

आधी बघितलं की हे खरंच पितळ आहे का. लोहचुंबक लावायचा, चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. बिजागरीच्या मधल्या पिनेला चिकटला तर लगेच निराश होऊ नका, पिन बऱ्याचदा स्टीलची असते, पट्टीला लावून बघा. आणि न चिकटला म्हणजे पितळच असंही नाही, कारण जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव हँडलसुद्धा चिकटत नाही. त्यामुळे मागच्या बाजूला, दाराला टेकून झाकली जाते तिथे, कानशीचा एक हलका हात मारायचा. पिवळं निघालं तर भरीव. आमच्या बाथरूमच्या हँडलचं पितळ इथेच उघडं पडलं, आतून राखाडी पांढरं! ते बाजूला ठेवलं, कारण मुलामा पातळ असतो, घासला की जातोच.

मग स्क्रू. माझ्या मते सगळ्यात जास्त धीर इथे लागतो. आधीच्या रंगकामवाल्यांनी हार्डवेअर न काढता वरूनच रंग फिरवलेला (हे का करतात देव जाणे), त्यामुळे स्क्रूच्या खाचा ऑइलपेंटने बुजलेल्या. पितळेचा स्क्रू मऊ असतो, खाचेत नीट न बसलेला स्क्रूड्रायव्हर घसरला की खाच गोल होते आणि मग तो निघत नाही. जाड सुईने खाच तळापर्यंत कोरली, रंगाचे बारीक पापुद्रे सुटून येतात, ओलं फडकं खाली धरलं कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासून धूळ उडवायची नाही. प्लेटच्या कडेने पण कटर फिरवला, नाहीतर प्लेटबरोबर दाराचा रंग उचकटून येतो. जो स्क्रू हलेना त्याला आधी किंचित घट्ट दिशेने पिळलं आणि मग उलटा फिरवला, कट्ट आवाज झाला की सुटला. काढलेलं सगळं दारागणिक वेगळ्या पिशवीत, प्रत्येक दाराचा फोटो काढून.

लॅकर काढायला स्वयंपाकात परत न वापरायच्या जुन्या पातेल्यात पाणी आणि खायचा सोडा घालून उकळलं, लॅकर आणि रंग दोन्ही सालीसारखे सुटले. स्प्रिंग असलेले भाग आणि कुलुपं त्यात टाकली नाहीत, त्यांना पेंट रिमूव्हर लावला, खिडक्या उघड्या आणि हातात ग्लोव्ह्ज.

यानंतर साफसफाई खरंच सोपी. लिंबू आणि मीठ लावलं की काळं झपाट्याने जातं, पण लावून ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही. आम्ल जास्त वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर गुलाबी तांबूस छटा येते. मिनिटभरात धुवायचं, लगेच पुसून कोरडं करायचं, मग अमोनिया नसलेलं पितळेचं पॉलिश मऊ कापडाने. स्टीलची घासणी अजिबात नको, ओरखडे राहतात. अमोनियावाले क्लीनर पण टाळले, ताण असलेल्या पितळेला त्याने तडे जाऊ शकतात.

परत लॅकर मारायचं का यावर घरात बरीच चर्चा. मी म्हटलं हात लागतो तिथे नकोच, अंगठ्या आणि घामाने ते परत फुटणार आणि परत हेच उकळणं. त्यामुळे हँडलांना फक्त मेण, जे अधूनमधून परत चोळता येतं. वरच्या कड्या आणि प्लेटा, ज्यांना कोणी हात लावत नाही, त्यांना स्प्रे लॅकर, आधी थिनरने पुसून आणि ग्लोव्ह्ज घालून, कारण बोटाचा ठसा राहिला तर तो लॅकरखाली काळा होत जातो.

बाथरूमचं हँडल मात्र नवीन घ्यावं लागलं. घेण्याआधी हँडलच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, मधल्या चौकोनी दांडीची जाडी (आमची ८ मिमी) आणि दाराची जाडी मोजली, हे जुळलं नाही तर दारात नवीन भोकं पाडत बसा. जुनी ढिली भोकं फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्यांनी भरली, सुकल्यावर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडले, मग तो काढून पितळी स्क्रू थोडा साबण लावून बसवला. थेट पितळी पिळला असता तर लाकडातच मोडायची भीती. नवीन हँडल मुद्दाम लॅकर नसलेलं घेतलंय, सध्या बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पिवळं दिसतं पण वापरात येईल तसं उतरेल.

लोखंडावर मुलामा दिलेल्या बिजागऱ्या तशाच आहेत, बदलायच्या तर दार उतरवावं लागेल आणि त्यासाठी दुसरा माणूस हवा.