हेर तर खरे होते ना, मग विच हंट कसं म्हणता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. 1950च्या आसपासच्या अमेरिकेबद्दल, म्हणजे सगळीकडे कम्युनिस्ट शोधत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या काळाबद्दल, मी कुठेही बोलले की हा प्रश्न येतोच, की मॅडम, चेटकिणी मुळात नसतातच, पण रशियाचे हेर तर खरंच होते, मग त्याला विच हंट, म्हणजे चेटकिणींची शिकार, म्हणणं चूक नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे.

हेर होतेच. बॉम्बवर काम करणाऱ्या क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञाने अणुबॉम्बची माहिती रशियाला दिली आणि 1950मध्ये स्वतःच्या तोंडाने तसं कबूल केलं. ज्युलियस रोझेनबर्ग हेरगिरी करत होता हे सोव्हिएत तारांच्या उकललेल्या मजकुरातून दिसतं, ते कागद 1995ला खुले झाले (त्याच्या बायकोला, एथेलला, त्याच्यासोबत देहदंड दिला ते मात्र मला कधीच पटलेलं नाही). त्यात ऑगस्ट 1949मध्ये रशियाने बॉम्बची चाचणी केली, ऑक्टोबरात चीन माओकडे गेला, लोक घाबरणारच ना. पण मी विच हंट म्हणते ते भीती खोटी होती म्हणून नाही, चौकशी ज्या पद्धतीने चालली त्यासाठी म्हणते.

अमेरिकेतल्या सेलम गावात 1692ला चेटकिणी म्हणून लोकांवर खटले चालले, तिथे काय झालं बघा. एखादी मुलगी कोर्टात ओरडायची की या बाईची छाया येऊन माझा गळा दाबतेय, ती छाया बाकी कुणालाच दिसायची नाही, तरी तो पुरावा धरला जायचा! रिबेका नर्स 71 वर्षांची, शेजारीपाजारी 39 जणांनी तिच्या बाजूने सह्या केल्या, ज्यूरीने आधी तिला निर्दोष सोडलं, त्याबरोबर त्या मुलींनी इतका गोंधळ घातला की न्यायाधीशांनी ज्यूरीला परत विचार करायला लावला, आणि 19 जुलैला तिला फाशी दिली. असे 19 जण लटकवले. आणि जे म्हणाले हो, मी चेटूक केलं, आणि त्यावर ठाम राहिले, ते वाचले. टिटुबाने कबूल केलं, दुसऱ्या बायकांची नावं घेतली, ती जिवंत राहिली.

आता डोरोथी बेली घ्या, सरकारी नोकरी करणारी, युनियनचं काम करणारी बाई. 1947मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने सरकारी नोकरांची निष्ठा तपासायचा हुकूम काढला, त्यात तिच्यावर ठपका आला की तू कम्युनिस्ट आहेस. कोण म्हणतं? तर निनावी खबरे. तिने शपथेवर नाकारलं, तिला चांगलं ओळखणाऱ्या लोकांनी तिच्या बाजूने लिहून दिलं. तिच्याविरुद्ध एकही माणूस समोर आला नाही, आणि कहर म्हणजे हे खबरे कोण हे मलाही माहीत नाही असं निष्ठा तपासणाऱ्या बोर्डाचा खुद्द अध्यक्षच बोलला. तरी नोकरी गेली. 1951मध्ये सुप्रीम कोर्टात 4 विरुद्ध 4 मतं पडली, म्हणजे खालचाच निकाल कायम. ती सेलममधली छाया आणि हे खबरे, मला यात काडीचाही फरक दिसत नाही.

आणि नावं घ्यायला लावणं. लॅरी पार्क्स नावाचा नट, चांगला चालणारा, मार्च 1951मध्ये कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या संसदेच्या कमिटीपुढे बसला. स्वतःबद्दल सगळं सांगितलं, हो, 1941ला कम्युनिस्ट पार्टीत गेलो, 1944-45च्या सुमारास सोडली. मग कमिटी म्हणाली बाकीच्यांची नावं सांग. तो अक्षरशः गयावया करत होता, की मला तुरुंग किंवा चिखलात लोळून खबऱ्या होणं यातलं एक निवडायला लावू नका. त्याच दिवशी बंद दाराआड त्याने नावं सांगितली. करिअर तरीही संपलं ते संपलंच. आणि ती नावं कमिटीकडे आधीपासून होती! म्हणजे माहिती नकोच होती त्यांना, माणूस वाकलेला बघायचा होता. हे वाचताना मला अजूनही संताप येतो.

मग हेर पकडायचेच नाहीत का, असं लगेच कुणीतरी म्हणतं. पकडा ना. फुक्स सापडला तो तारा उकलून आणि ब्रिटनमध्ये चिकाटीने चौकशी करून. हेरगिरीचा आरोप झालेला सरकारी अधिकारी ॲल्जर हिस, त्याची केस मात्र याच कमिटीपुढे निघाली आणि तो खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण मॅकार्थीने फेब्रुवारी 1950मध्ये व्हीलिंग या गावातल्या भाषणात परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची म्हणून जी यादी फडकवली, जिचा आकडा कधी 205 तर कधी 57, तिच्यातून कोर्टात एकही हेर सिद्ध झाला नाही. आणि पार्क्सने घेतलेली नावं कुणाची होती म्हणाल, तर सिनेमा-नाटकात काम करणाऱ्या लोकांची, बॉम्बच्या आसपाससुद्धा त्यांच्यातलं कुणी नव्हतं.