"मॅडम, तेवढं विकिपीडिया पेज बनवून टाका"

परवा परत एका क्लायंटचा फोन आला, इन्स्टा झालं लिंक्डइन झालं, आता तेवढं विकिपीडिया पेज बनवून टाका. बारा वर्षं पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्काच्या कामात आहे आणि हे वाक्य दर वर्षी तीन-चारदा तरी ऐकते, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

इन्स्टा अकाउंट तुमचं असतं हो. पोस्ट टाका, आवडली नाही तर डिलीट मारा, कमेंट बंद करा. विकीवरचं पान तुमच्याबद्दल असतं पण तुमचं नसतं. तिथे स्वतंत्रपणे दुसऱ्या कुणी काय लिहिलंय ते बघतात, आणि आमचीच प्रेस नोट पेपरात जशीच्या तशी छापून आली असेल तर तो संदर्भही धरत नाहीत.

मी स्वतः हे चुकलेय. पहिल्या नोकरीत सरांनी सांगितलं, क्लायंटच्या पानावरचा कोर्ट केसचा पॅरा काढ. मी लॉगिन न करता ऑफिसच्या नेटवरून काढला, अर्ध्या तासात कुणीतरी परत टाकला, मी परत काढला, असं तीनदा झालं आणि संध्याकाळी एका रिपोर्टरचा फोन, की तुमच्या ऑफिसचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पानाच्या हिस्टरीत (बदलांच्या नोंदीत) दिसतोय. त्या केसबद्दल तोवर कुणीच विचारत नव्हतं! ती तीन एडिट्स आजही तिथेच आहेत आणि मला अजून त्याची लाज वाटते.

मोठमोठ्यांनी हेच केलंय. डिसेंबर 2011 मध्ये लंडनच्या बेल पॉटिंजर या बड्या पीआर कंपनीची खाती विकिपीडियाने बंद केली, क्लायंटची पानं गुपचूप बदलत होते म्हणून. 2013 मध्ये विकी-पीआर नावाच्या अमेरिकन कंपनीशी जोडलेली अडीचशेच्या वर खाती ब्लॉक झाली. मग जून 2014 मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने नियमच केला की पैसे घेऊन एडिट करत असाल तर कोण पैसे देतंय आणि कुणासाठी करताय ते उघड सांगा. मला हा नियम मनापासून पटतो.

मग करायचं काय? पानाला हात लावायचा नाही, त्याला जोडलेल्या चर्चा पानावर जायचं, मी अमुक कंपनीसाठी काम करते हे आधी लिहायचं आणि संदर्भ देऊन दुरुस्ती मागायची. मागे एका क्लायंटचं स्थापनेचं वर्ष 1978 च्या जागी 1987 पडलं होतं, मी जुन्या पेपरच्या कात्रणाचा तपशील दिला, तीन आठवडे थांबले, एका स्वयंसेवकाने तपासून बदललं. क्लायंट वैतागला होता, पण ते वर्ष आता टिकून आहे.

मराठी विकिपीडियावर तर जास्तच जपायला हवं असं मला वाटतं. तिथे नियमित लिहिणारे थोडे, त्यामुळे कुणी जाहिरात घुसवली तर ती बराच काळ तशीच राहू शकते आणि प्रोजेक्टसाठी माहिती शोधणारं शाळकरी पोर तीच खरी धरतं.

परवाच्या क्लायंटला मी पेजला नाही म्हटलं आणि एक वेगळंच सुचवलं, त्यांच्याकडे जुन्या कारखान्याचे, पहिल्या मशीनचे, कामगारांचे फोटो कपाटात पडून आहेत, त्यातले ज्यांचे हक्क त्यांच्याकडे आहेत ते मुक्त परवान्याखाली कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या फोटोंच्या खुल्या संग्रहात द्या, कुणीही वापरू दे. जरा विचार करून हो म्हणालेत. रविवारी ते कपाट उघडून बसणार आहोत.