आजोबांचा वस्तरा आणि लटकता केस

बडोद्यातल्या दांडिया बाजारचं जुनं घर आवरताना आजोबांचा वस्तरा सापडला. पात्यावर सोलिंगेनचा छाप, म्हणजे जर्मनीचा माल. १००० आणि ८००० नंबरचे पाण्यावर चालणारे दगड आणले; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून घासायचं, हे आठवड्यात हाताला बसलं. धार खरंच लागली का, हे ओळखायला मात्र चार महिने गेले.

सुरुवातीला मी सगळं झाल्यावर नखावरून धार ओढून बघायचो आणि दाढी करताना गाल ओरबाडायचा. शेवटी रावपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या काकांकडे गेलो. हल्ली सगळीकडे अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा चालतो, पण त्यांनी उमेदीत रोज दगडावर हत्यार लावलेलं. त्यांनी वस्तऱ्याची धार दिव्याखाली वर करून धरली. म्हणाले, "हे चमकतंय बघा, इथे बोथट आहे. चांगली धार दिसत नाही. आणि नख १००० च्या दगडानंतर लावा, शेवटी नाही. केलेली धार नखावर मोडता तुम्ही."

तेव्हापासून ओल्या नखावर पहिल्या दगडानंतरच बघतो, वजन न देता. घसरली तर बोथट, सगळीकडे सारखी रुतली तर पुढच्या दगडाकडे, खरखरली तर कुठेतरी खाच आहे. ८००० नंतर चामड्याचा पट्टा, पाठ पुढे आणि धार मागे. मग केस. एक केस चिमटीत धरून लटकवायचा आणि धारेला अलगद टेकवायचा. तुटला तर ठीक.

पण केसाकेसात फरक असतो, आणि इथे मी बराच फसलो. जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग. मुलीचा बारीक केस वाकून निसटतो, बायकोचा जाड केस त्याच धारेवर टपकन तुटतो. शिवाय केसावर खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. बोटं उलटी फिरवली की खरखर लागते. म्हणून आता एकाच डोक्याचा, धुतलेला केस घेतो आणि दर वेळी मुळाकडूनच धरतो.

तरीही एकदा केस सुरेख तुटला आणि गालाची आग झाली. जास्त घासल्याने धारेवर तारेसारखी पातळ, कच्ची किनार उभी राहते. ती केस तोडते, पण गालावर टिकत नाही. अगदी हलक्या हाताने, नुसत्या पात्याच्या वजनावर शेवटचे फेरे मारले तेव्हा ती गेली. केसाची परीक्षा मला आवडते, पण शेवटचा शब्द हनुवटीखालच्या दाढीचाच.

गेल्या आठवड्यात केस तीन जागी लावून पाहिला: मुठीजवळ, मध्ये, टोकाशी. दोन्ही कडांना तुटला, मध्ये निसटला. धारेवर तासभर घालवल्यावर दगडावर पट्टी आडवी धरली, तर खालून उजेड दिसला. १००० चा दगड मध्ये खोलगट झालेला, पात्याचा मधला भाग टेकतच नव्हता. दगडावर पेन्सिलीच्या रेघा मारल्या, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून सगळ्या रेघा जाईपर्यंत घासला आणि नखापासून पुन्हा सुरुवात केली. काल मधल्या भागावरही केस तुटला.