माळ्यावरच्या न्हाणीत पाणी चढवताना

गोव्यातल्या बांदोड्यातलं आमचं घर जुनं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. माळ्यावर इतकी वर्षं नारळ, तांब्याची भांडी आणि चवथीच्या माटोळीची (गणेशचतुर्थीला मूर्तीवर फळं-पानं टांगतात, तिची) चौकट, एवढंच राहत होतं. मुलाने घरून काम करायचं ठरवलं, तेव्हा तिथे खोली काढली आणि खोलीला लागून न्हाणी. परवानगी, सुतारकाम, फरशी सगळं बऱ्यापैकी वेळेत झालं. मग शॉवर उघडला. आई जिन्याखालून विचारतेय, "आलं का पाणी?" आणि मी वर थेंब मोजतोय.

टाकी 1000 लिटरची, काठोकाठ भरलेली. प्लंबर म्हणाला, "पाणी भरपूर आहे बाब, येईल हळूहळू." पण टाकीत पाणी किती आहे याला दाबाच्या हिशोबात फारशी किंमत नसते. टाकी किती उंचावर आहे, ते महत्त्वाचं. आमची टाकी मागच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबवर. खालच्या नळांना ती पुरेशी उंच होती, म्हणून कधी लक्षातच आलं नाही. चिरे पातळीत लावायला मेस्त्री पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, तीच मागून घेतली. एक टोक टाकीच्या तळाशी, दुसरं शॉवरशी. फरक निघाला अडीच फूट! दाब मोजतात बारमध्ये, आणि 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. म्हणजे टाकीच्या तळापासून धरलं तर आमच्या वाट्याला 0.1 बारसुद्धा नाही.

टाकी उंच करावी, असं सगळ्यांचं मत. लोखंडी स्टँड, आणखी 10 फूट. हिशोब केला तर त्याने वाढणार होते जेमतेम 0.3 बार. त्यासाठी एक टन पाणी जुन्या स्लॅबवर आणि पावसाळी वाऱ्यात उभं करायचं? नको म्हटलं.

मग पंप आणला, टाकीतून पाणी ओढून वरच्या नळांना देणारा. (सरकारी पाण्याच्या लाइनला थेट पंप लावायचा नसतो. टाकीनंतरच लावायचा.) पहिला घेतला तो चुकला, आणि चूक माझीच. त्यात फ्लो स्विच होता. पाइपातून थोडं पाणी वाहायला लागलं की पंप आपोआप सुरू होतो. आता आमच्या शॉवरमधून पाणी वाहतच नव्हतं, तर स्विचला कळणार कसं? गंमत म्हणजे त्याच लाइनवरचा खालचा नळ कोणी उघडला की पंप घरघरायचा आणि वर शॉवर जोरात. चार दिवस मुलाची आंघोळ म्हणजे, "आजी, नळ सोड!" अशी हाक.

तो परत करून प्रेशर स्विचचा, छोटी प्रेशर टाकी असलेला घेतला. हा वाहतं पाणी बघत नाही, पाइपातला दाब बघतो. दाब दीड बारपर्यंत उतरला की चालू, अडीचला बंद. काम झालं असं वाटलं. पण रात्री दर पाच-सात मिनिटांनी घर्र, बंद, घर्र, बंद. खालचा एक जुना नळ ठिबकत होता. तेवढ्या थेंबांनी दाब उतरायचा. वॉशर बदलला. शिवाय पंपाची लाइन फक्त माळ्यापुरती ठेवली, खालचं घर पूर्वीसारखंच टाकीवर.

नेमक्या त्या बदलात गरम पाण्याची पंचाईत झाली. गीझरला पाणी जुन्याच लाइनने येत होतं, आणि शॉवरच्या मिक्सरची (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाची) थंड बाजू पंपावर. थंड पाण्याचा जोर एवढा की गरम पाणी बाहेर यायलाच तयार नाही. उलट थंडच पाणी गरमच्या पाइपात मागे ढकललं जायचं. मी थर्मोस्टॅटला दोष दिला, मुलाने गीझरला. खरं म्हणजे मिक्सरच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब लागतो. गीझरचं इनलेट पंपाच्या लाइनला जोडलं आणि प्रश्न मिटला.

गीझर 15 लिटरचा, 2 किलोवॉटचा. आडवा घेतला, कारण कौलांच्या उतारामुळे उभ्याला जागाच नव्हती. उभा गीझर आडवा टांगायचा नसतो, आडव्याचं मॉडेल वेगळं मिळतं. पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 18 मिनिटं लागतात. त्यात थंड मिसळलं की आंघोळीजोगं 35 लिटर होतं, पावणेदोन बादल्या. सोलरचाही विचार केला होता, पण साध्या सोलरमध्ये थंड पाण्याची टाकी गरम टाकीहून उंच लागते, म्हणजे पुन्हा तोच स्टँड. वायरिंग मात्र नवं केलं: वेगळी 4 चौरस मिलिमीटरची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट, स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच). सेफ्टी व्हॉल्व्हची नळी भिंतीबाहेर काढली.

तसं बघितलं तर मे महिन्यात गीझर लागतच नाही. दुपारी टाकीतलंच पाणी हात भाजेल इतकं तापतं. लागतो तो पावसाळ्यात, आणि वीजही तेव्हाच जाते. वीज नसेल तर पंप बंद. म्हणून पंपाला वळसा घालून एक बायपास पाइप टाकला, त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. त्यातून शॉवर चालत नाही. पण न्हाणीतला खालचा नळ सोडला की बादली भरते.

चवथीच्या आदल्या रात्री वीज गेलीच. पाहुणे वर उतरलेले. बादली भरायला बारा मिनिटं लागली. आईने खाली न्हाणीत तांब्याच्या भाणाखाली (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याखाली) सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पेटवली, आणि गरम पाणी जिन्याने वर गेलं.